चिऊच्या पहिल्या वर्षाबद्दल

बडोदा,
जुलैचा पहिला आठवडा

प्रिय बंड्या,

तुझ्या चिऊला इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला, वसतिगृहाचंही जमलं, हे वाचून बरं वाटलं. अभ्यास सोडून बाकीच्या भानगडीत तिनं पडावं का, असं तू विचारतोस. पडावं. पण कुठल्या, किती आणि कोणतं काम अंगावर घेऊन, हे आधी ठरवावं.

जुलै संपेपर्यंत फतेगंज-प्रतापगंजकडच्या वसतिगृहांतल्या नव्या पोरांच्या फोनवर आठ-दहा ग्रुप झालेले असतात. सगळीकडे नाव घालायचं, टी-शर्ट घ्यायचा, दोन बैठकांना जायचं आणि नवरात्र आली की गुल. लोक याला आळस म्हणतात. मला विचारशील तर गणितच चुकलेलं असतं. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाला १२० तास भरावे लागतात: साधारण २० ओळख-प्रशिक्षणाचे, ३० आवारातल्या कामाचे, ७० वस्तीतले. परीक्षा, नवरात्र, दिवाळी वगळली तर हातात तीसेक आठवडे उरतात, म्हणजे आठवड्याला चार तास. हे सहज जमतं. पण नाटकाची तालीम स्पर्धेआधी महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते आठ, रविवार सोडला तरी आठवड्याला अठरा तास. त्यात अंतर्गत परीक्षा त्याच महिन्यात आली की मूल दोन्हीकडून उठतं. म्हणून पहिल्या वर्षी कायमचं काम एकच. दुसरं घ्यायचंच तर ज्याची शेवटची तारीख माहीत आहे असं छोटं.

एनसीसीचं, म्हणजे छात्रसेनेचं, वेगळं. 'बी' प्रमाणपत्र दोन वर्षांनी, 'सी' तिसऱ्या वर्षानंतर, त्यामुळे पहिल्या वर्षीच ठरवावं लागतं. पहाटेच्या कवायतीला उठवत नसेल तर नकोच.

नाटकात जायचं म्हणत होती ना? इथे सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली, तिचीच पुढे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा झाली. नाटक रीतसर शिकणारी मुलं त्याच विद्यापीठात आहेत, तेव्हा भूमिका लगेच मिळेल या आशेवर तिनं जाऊ नये. विद्यापीठांच्या युवा महोत्सवातल्या एकांकिकेत रंगमंचावर नऊ जण, वेळ ३० मिनिटं. स्किटला, म्हणजे छोट्या नाटुकल्याला, सहा जण, दहा मिनिटं. जागा मोजक्याच. तिनं प्रॉम्प्टिंगची, म्हणजे नट अडला की आडून वाक्य सांगणाऱ्याची, वही मागावी. ती कुणालाच नको असते, म्हणून हमखास मिळते.

वही अशी करायची: फुलस्केप, उजव्या पानावर संहिता चिकटवायची, डावं पान कोरं. त्यावर हालचाली, प्रकाश आणि संगीताच्या जागा पेन्सिलीनं, कारण दिग्दर्शक रोज बदलतो. मागच्या पानांवर सामानाची यादी: वस्तू कोण आणतो, कुठल्या विंगेतून नेतो, परत कुठे ठेवतो. तालमीत नाटक २७ मिनिटांत बसलं पाहिजे. प्रेक्षक हसले की दोन-तीन मिनिटं जातातच, आणि वेळ ओलांडली की गुण कापतात. संगीत फोनवरून वाजणार असेल तर तो आधी एअरप्लेन मोडवर टाकायचा. नाहीतर मरणाच्या प्रसंगात कुणाच्या तरी आईचा फोन येतो. सगळ्यांत अवघड म्हणजे वाक्य कधी द्यायचं ते. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायला तालमीत संहितेपेक्षा त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. नवखा प्रॉम्प्टर घाईनं वाक्य देतो आणि चांगला विराम मारतो. बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघायची सवय लावणारं यासारखं दुसरं काम मला माहीत नाही.

एनएसएस घेतलं तर मात्र तिनं रक्तदान शिबिराचं नोंदणीचं टेबल घ्यावं. झाडं लावताना फोटो निघतात; या टेबलावर माणसं भेटतात. आधी तारीख बघायची. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिवस, आणि तो बऱ्याचदा नवरात्रात किंवा तिच्या तोंडावर येतो. गरब्याचा बडोद्यातला धुमाकूळ तुला ठाऊक आहे. रात्री जागलेली, उपवासाची पोरं सकाळी रक्त द्यायला आली तर निम्मी परत पाठवावी लागतात आणि उरलेल्यांतली काही चक्कर येऊन पडतात. शिबिर आधी किंवा दसऱ्यानंतर ठेवावं, 'दिवसा'चा हट्ट धरू नये.

मग हिशेब. फॉर्म, तपासणी, रक्त, खाणं धरून माणशी अर्धा-पाऊण तास, त्यातला खाटेवरचा वेळ दहा-बारा मिनिटं. चार खाटा असतील तर तासाला सोळा जणांना बोलवावं. शंभर जणांना दहाची वेळ दिली की रांगेत दुपार होते, सकाळचा नाश्ता जिरतो, आणि गडबड तिथे सुरू होते. टेबलावर विचारायचं: वय १८ पूर्ण? वजन ४५ किलोच्या वर? नाश्ता केला? गेल्या वर्षभरात टॅटू? मागचं रक्तदान कधी? पुरुषांना ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना १२० दिवसांचं. पहिल्या वर्षाची बरीच मुलं अजून सतराचीच असतात, उत्साहात वय वाढवून सांगतात, ओळखपत्र बघायचंच. हिमोग्लोबिन १२.५ लागतं आणि त्यावर कितीतरी मुली अडतात. "तू रिजेक्ट" असं चारचौघांत म्हटलं की ती मुलगी पुन्हा फिरकत नाही. आकडा कागदावर लिहून हातात द्यायचा, डॉक्टरांना दाखव म्हणायचं आणि चहा पाजायचा. रक्त दिलेल्याला पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं; बिस्किट हातात घेऊन लगेच उठणाराच पडतो. पडला तर आडवं करून पाय वर, आणि भोवतीची गर्दी हटवायची. अनोळखी माणसाला "नाही" म्हणणं आणि घाबरलेल्याशी शांत बोलणं, दोन्ही एका दिवसात येतं. कार्यशाळा लावून शिकवायला गेलं तर महिना जाईल आणि येईलच असं नाही.

पैशाचं काम कोणी गळ्यात मारलं तर घ्यावं, पण आगाऊ रक्कम सहीनिशी मागून. "आत्ता खिशातून घाल, बिल लाव" यात पोरांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. बिलावर दुकानाचं नाव, तारीख आणि संस्थेचं नाव हवं. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती दोन महिन्यांत पांढरी पडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. टेम्पोवाला, चहावाला बिल देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हाउचरचं पुस्तक जवळ ठेवून जागच्या जागी सही.

हजेरीची सवलत कार्यक्रमाआधीच लेखी मागायची, विभागप्रमुखांच्या सहीची प्रत स्वतःजवळ. नंतर मागितली तर सही करणारे सुट्टीवर असतात, हा जणू नियमच आहे.

भाषेची काळजी वहिनींनी करू नये. दांडिया बाजार, रावपुऱ्यात मराठी ऐकू येईलच, पण कामाची भाषा गुजराती-हिंदी. लिपी आठवड्यात वाचता येते, शिरोरेषा काढून टाकलेलं आपलंच बाळबोध बरंचसं. सूचनाफलक मात्र तिनं स्वतः लिहायला घ्यावेत. चूक झाली की जाणारा-येणारा दुरुस्त करतो, फुकट शिकवणी.

एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर बहुधा हिवाळ्यात असेल. १४-१५ जानेवारी सोडून, कारण उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, इथे गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. संमतिपत्रावर तुझी सही मागतील. त्याआधी विचार: गाव किती लांब, सोबत बाई प्राध्यापक मुक्कामाला आहेत का, मुलींचं संडास-न्हाणीघर वेगळं आहे का, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे. उत्तरं गुळमुळीत आली तर सही करू नकोस, भीड धरू नकोस. बरोबर जाड चादर, टॉर्च, डासांचं मलम, पॅड, रोजची औषधं आणि दोन कुलपं दे. एक पेटीला, दुसरं हरवणाऱ्या मैत्रिणीला.

येताना पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो आणि दाखल्यांच्या चार-चार प्रती आणायला सांग, प्रत्येक फॉर्मला लागतात. पोचलात की फोन कर; सेवउसळ खायला जाऊ.

तुझा,
नाना