लंडनहून घरी, जुलै १९१५

लंडन, १९ जुलै १९१५

तीर्थरूप बाबा आणि मातोश्री आई यांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. झेपेलिनची, म्हणजे जर्मनांच्या बाँब टाकणाऱ्या हवाई जहाजांची, धास्ती घेऊ नये. मेअखेरचे बाँब शहराच्या पूर्व अंगाला पडले. माझी खोली तिथून पुष्कळ लांब आहे. परत ये म्हणता, पण जर्मनांनी ‘लुसिटानिया’ हे उतारूंचे जहाज बुडवल्यापासून समुद्रच जास्त धोक्याचा झाला आहे. अभ्यास नीट चालू आहे. जेवणाचे नेहमीचेच.

परवा शनिवारी पाहिले ते आईसाठी सविस्तर लिहितो. इथे सरकारकडे काही मागायचे असले की नुसता अर्ज करून भागत नाही, मिरवणूक काढतात. चांगल्या घरच्या बायकासुद्धा बँड लावून, निशाणे घेऊन भर रस्त्याने चालतात आणि कोणी त्यांना नावे ठेवत नाही. लग्न नाही, पालखी नाही. मुसळधार पावसात हजारो जणी चालल्या. वर्तमानपत्रे तीस हजार म्हणतात. जर्मनांनी तुडवलेल्या बेल्जियम देशाचे सोंग घेतलेली एक बाई फाटके निशाण घेऊन अनवाणी चालत होती. वाटेत टेबले मांडून नावे नोंदवून घेत होते. मागणे काय, तर आम्हाला लढाईचे काम द्या! तोफगोळे कमी पडतात म्हणून नवे खाते काढावे लागले, तरी कारखान्यांत बायका घ्यायला मालक कचरतात आणि कामगारांच्या संघटनाही.

पुढारी मिसेस पँखर्स्ट, बायकांना मताचा हक्क मागणाऱ्या. लॉइड जॉर्ज यांच्या नव्या बांधलेल्या घरात बाँब उडाला, त्या प्रकरणी १९१३ साली यांनाच तीन वर्षांची सजा झाली होती. आता तेच लॉइड जॉर्ज दारुगोळ्याच्या या नव्या खात्याचे मंत्री आहेत आणि त्यांनी बाईंचे शिष्टमंडळ भेटीस घेतले. नगावरची मजुरी पुरुषांइतकीच देऊ म्हणाले. रोजंदारीचे तसे वचन दिले नाही. बाईंची मुलगी सिल्व्हिया समान मजुरीसाठी भांडते आहे. माझ्या मते तिचेच खरे. कामाला बाई चालते, तर दामालाही चालली पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांत डॉ. एल्सी इंग्लिस यांचे नाव फार निघते. जन्म आपल्या नैनितालचा. जखमी सैनिकांसाठी बायकांनीच चालवलेली इस्पितळे उभी करते म्हणाल्या, तर इथल्या लष्करी खात्याने त्यांना घरी जायला सांगितले. फ्रान्सने मात्र होकार दिला. आज तिथे रॉयोमाँच्या मठात जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सगळ्या बायका आहेत आणि डॉ. इंग्लिस स्वतः सर्बियात आहेत. हे ऐकले की मला आपली धाकटी यमू आठवते.

बाबा, तिच्या स्थळाचे वाचले. मुलगा चांगला असेल, पण तिला हुजूरपागेच्या शाळेतून काढू नये. मॅट्रिक होऊ द्यावी. पुढे नर्सिंग शिकायचे म्हणाली तर पुण्यात रमाबाई रानड्यांचे सेवासदन आहेच. हुंड्यासाठी कर्जही काढू नये. माझ्या शिक्षणापायी मळा गहाण पडला आहे, त्यात आणखी भर नको. दहा पौंड पाठवतो, दीडशे रुपये होतील. मला इथे काही कमी नाही, खरेच. व्याज भरून उरतील त्यात आईचा चष्मा करावा. बाळूच्या मुंजीला मी नव्हतो, त्याला माझ्याकडून टोपी घ्यावी.

स्थळाला होकार गेला नसेल तर परीक्षेपर्यंत थांबा म्हणून कळवावे. त्यांना राग आला तर थोरला भाऊ विलायतेहून अडवतो असे सांगावे. बोल मला लागू दे.

आपला आज्ञाधारक,
विनायक