पोकेमॉनचे परीक्षण करताना डाव पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या युवा पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणे येऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. फक्त एक खटकते. प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि आळीपाळीने चाल करत लढवायचे, अशा जातीच्या खेळाचे परीक्षण ग्राफिक्स, कथा आणि ‘खेळ किती तास पुरतो’ एवढ्यावरच संपते. लढाईबद्दल ‘नेहमीसारखीच आहे’ असे एखादे वाक्य येते. खेळणाऱ्याचा निम्म्याहून अधिक वेळ ज्या लढाईत जातो, तिचे मोजमाप कुठेच होत नाही. ते कसे करता येते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

उदाहरण म्हणून ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ ही जोडी घेऊ. 18 नोव्हेंबर 2022 रोजी ती निन्टेंडो स्विच या गेम मशीनवर आली आणि पहिल्या तीन दिवसांत जगभर 1 कोटी प्रती खपल्या. त्या वेळची बहुतेक चर्चा एकाच गोष्टीची होती. चित्र अडखळते, लांबची माणसे तुटक हलतात, कॅमेरा जमिनीच्या आत शिरतो. तक्रार खरी होती आणि निन्टेंडोनेही ती मान्य केली. पण जून 2025 मध्ये स्विच 2 आले, सोबत फुकट अपडेट आले आणि त्या मशीनवर हाच खेळ गुळगुळीत चालू लागला. चित्रासाठी कापलेले गुण आज त्या मशीनवर लागू पडत नाहीत. लढतींच्या आखणीतले दोष मात्र पहिल्या दिवशी होते तिथेच आहेत, आणि गुणही.

आधी हिशेब पाहू, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. समजा लढणारे दोन्ही पोकेमॉन, म्हणजे खेळातले प्राणी, 50 व्या लेव्हलवर आहेत, एकाचा हल्ला 100, दुसऱ्याचा बचाव 100 आणि चालीची ताकद 80. लेव्हलची दुप्पट करून तिला 5 ने भागायचे आणि 2 मिळवायचे: 22. त्याला 80 ने गुणायचे, हल्ला भागिले बचाव या गुणोत्तराने गुणायचे, 50 ने भागायचे आणि पुन्हा 2 मिळवायचे. अपूर्णांक सोडला की उत्तर येते 37. चाल पोकेमॉनच्या स्वतःच्या टाइपची (आग, वीज, गवत, भूत अशा प्रकारांपैकी) असेल तर दीडपट, समोरच्यावर भारी पडणारी असेल तर दुप्पट, आणि शेवटी 85 ते 100 टक्क्यांमधला नशिबाचा भाग. म्हणजे योग्य चाल निवडली तर साधारण 92 ते 110. तीच चाल समोरच्यावर कमजोर पडणारी असेल तर 27 च्या वर जात नाही. एकाच ताकदीच्या दोन चालींत चौपट फरक! 18 टाइपच्या तक्त्यात अशा 324 जोड्या आहेत. सगळी गंमत त्या जोड्या ओळखण्यात आहे.

आता हल्ला करणारा 60 व्या लेव्हलवर नेऊन पाहा. त्याचे आकडे साधारण 20 टक्क्यांनी वाढतात. मघाच्या 37 च्या जागी 51 येतात आणि समोरच्याने उलट मारले तर 37 ऐवजी 31 च लागतात. शिवाय अंगातला जीवही वाढलेला असतो. टाइपचा विचार न करता दामटून खेळले तरी निभावते. म्हणून अशा खेळात लेव्हलची चढण हाच लढाईचा कणा असतो. ती फसली की 324 जोड्यांचा तक्ता शोभेपुरता उरतो.

‘स्कार्लेट’मध्ये ती बरीच फसली आहे. स्पेन आणि पोर्तुगालच्या धर्तीवर रचलेला पाल्डिया प्रदेश मोकळा आहे, कुठूनही कुठे जा. तीन वाटा आहेत: आठ जिम (प्रत्येकात एका लीडरला हरवून बॅज मिळवायचा), पाच टायटन (अवाढव्य पोकेमॉन) आणि टीम स्टार या टोळीचे पाच तळ. एकूण 18 ठाणी. पण प्रत्येक ठाण्याची लेव्हल कायमची ठरलेली आहे, खेळणाऱ्याबरोबर ती वरखाली होत नाही. जिम लीडरांचे सर्वांत वरचे पोकेमॉन क्रमाने पाहा: केटी 15, ब्रासियस 17, आयोनो 24, कोफू 30, लॅरी 36, राइम 42, ट्युलिप 45 आणि ग्रुशा 48. खेळ हा क्रम स्वच्छपणे सांगत नाही. ट्युलिपचे अल्फोर्नाडा नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. केटीचे जिम आटोपून ‘जवळच तर आहे’ म्हणून कोणी तिकडे वळला, तर 15 नंतर थेट 45 ची भिंत. तिथून परत फिरून राहिलेली ठाणी घेताना उलट होते. वाटेत मिळालेल्या अनुभवाने आपला संघ इतका वर गेलेला असतो की ब्रासियसची लढत दोन-चार बटणांत संपते. नवख्या खेळाडूला वाटते, आपल्याला खेळ जमू लागला. प्रत्यक्षात खेळाने त्याला काही विचारलेलेच नसते.

एक लगाम आहे, तो नोंदवला पाहिजे. लांबच्या भागात जाऊन जबरदस्त पोकेमॉन पकडला तरी पुरेसे बॅज नसतील तर तो ऐकत नाही. सुरुवातीला 20 व्या लेव्हलपर्यंत पकडलेले ऐकतात, पुढे सातव्या बॅजपर्यंत प्रत्येक बॅजला ही मर्यादा 5 ने वाढते. मात्र ती पकडतानाच्या लेव्हलवर लागू असते. लहान पकडून मोठा केलेला पोकेमॉन ऐकतच राहतो, त्यामुळे अति वाढलेल्या संघाला याने आळा बसत नाही.

त्यात एक्स्प. शेअरची भर. लढाईत न उतरलेल्यांनाही अनुभव मिळतो आणि ही सोय बंद करता येत नाही. पूर्वी सेटिंगमध्ये ‘सेट’ नावाचा पर्याय असे. समोरचा पोकेमॉन पडल्यावर आपला फुकटात बदलण्याची मुभा त्याने बंद व्हायची. तो या खेळातून काढून टाकला आहे, आता दर वेळी ‘बदलायचा नाही’ असे उत्तर हाताने द्यावे लागते. हल्ल्यांचे अॅनिमेशन बंद करायचा पर्यायही गेला. ज्यांना कस लावून खेळायचे त्यांच्यासाठी असलेली दारे एकेक करून लावली गेली, आणि परीक्षणांत याला फारशी जागा मिळाली नाही याचे वाईट वाटते.

शिवाय जिम लीडरांकडे तीन किंवा चारच पोकेमॉन, आपल्याकडे सहा आणि वर औषधांनी भरलेली पिशवी. अशा असमान डावातही आयोनोची लढत सुंदर जमली आहे, आणि चांगली आखणी म्हणजे काय हे दाखवायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. आयोनो विजेच्या टाइपची लीडर. विजेला एकच टाइप भारी पडतो, जमिनीचा. सगळे जमिनीचा पोकेमॉन घेऊन येतात. तिचा शेवटचा मिसमेजियस मुळात भुताच्या टाइपचा. टेरास्टलाइज होऊन, म्हणजे लढाईपुरता टाइप बदलून, तो विजेचा होतो, आणि त्याच्या अंगची लेव्हिटेट ही क्षमता त्याला जमिनीच्या चालींपासून पूर्ण वाचवते. विजेची एकमेव दुबळी बाजू झाकली गेली! आता भारी पडणारी चालच उरत नाही. विजेचा मारा सोसणारा गवताचा पोकेमॉन आणावा, तर मिसमेजियसकडे मिस्टिकल फायर ही गवताला जाळणारी आगीची चाल आहे. त्यावर गोंधळात पाडणारी कन्फ्यूज रे. अर्ध्या वाटेतली लीडर चार चालींत खेळाडूला योजना बदलायला लावते. अशा लढती किती आहेत, हे परीक्षकाने मोजावे.

टेरास्टलाइज, थोडक्यात टेरा, हा या खेळाचा हुकूम. एका लढाईत एकदाच टाकायचा. मूळच्याच टाइपमध्ये टेरा केले तर त्या टाइपच्या चाली दीडपटीऐवजी दुप्पट होतात. वेगळ्यात केले तर नव्या आणि जुन्या दोन्ही टाइपना दीडपट मिळते, पण बचाव नव्याच टाइपचा. जोर वाढवायचा की दुबळी बाजू झाकायची, असा खरा प्रश्न त्यातून उभा राहतो. माणसांविरुद्ध खेळताना हा नियम फार रंगतो. कथेतले लीडर मात्र बहुतेक वेळा शेवटचा पोकेमॉन येताच टेरा करतात, त्यामुळे तो कधी पडणार हे आधीच कळते.

पकडण्याचा भाग लोक नशिबावर सोडतात, पण तोही हिशेबाचा आहे. पूर्ण जीव असलेल्या पोकेमॉनची पकडली जाण्याची शक्यता, जीव अगदी शेवटच्या बिंदूवर आणलेल्याच्या साधारण एकतृतीयांश असते. झोपवला तर अडीचपट, पकडण्यासाठी फेकायचा बॉल साध्याऐवजी अल्ट्रा बॉल असेल तर दुप्पट. तिन्ही जुळवले की पूर्ण जीव असताना टाकलेल्या साध्या बॉलच्या तुलनेत शक्यता सुमारे 15 पट होते. इथे हमखास चुकते ते जीव कमी करताना. साध्या चालीनेही 24 पैकी एकदा क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जोराचा फटका, लागतो आणि दुर्मीळ प्राणी बेशुद्ध पडून हातचा जातो. फॉल्स स्वाइप ही चाल 1 जीव हमखास शिल्लक ठेवते, म्हणून ती येणारा एक पोकेमॉन संघात हवाच. याउलट क्विक बॉल लढाईच्या पहिल्याच डावात, म्हणजे चालींच्या पहिल्या फेरीत, टाकला तर पाचपट लागू होतो. पूर्ण जीव असतानाही तो, दमवून टाकलेल्या साध्या बॉलपेक्षा वरचढ ठरतो. लढून दमवणे आणि पहिल्याच फटक्यात धाडस करणे या दोन्हींना इथे किंमत आहे. या भागाला आम्ही मोकळ्या मनाने पूर्ण गुण देऊ.

परीक्षकाने प्रत्यक्ष काय करावे? लीडरच्या सर्वांत वरच्या पोकेमॉनपेक्षा आपला एकही वर जाऊ द्यायचा नाही. एक्स्प. शेअर बंद होत नसल्याने दहा-बारा पोकेमॉन पाळायचे आणि संघ फिरवत ठेवायचा. या खेळात संघाबाहेरचे पोकेमॉन ठेवायचा बॉक्स मेन्यूतूनच उघडतो, त्यामुळे हे अवघड नाही. लढाईत पिशवीला हात लावायचा नाही, फुकटचा बदल घ्यायचा नाही. मग प्रत्येक लढतीत किती डाव झाले आणि त्यांपैकी किती वेळा ‘सर्वांत जोराची चाल दाब’ यापेक्षा वेगळा निर्णय घ्यावा लागला, हे वहीत लिहायचे: पोकेमॉन बदलला, विष दिले, झोपवला, आडोसा घेतला. 20 डावांत असे दोन निर्णय निघाले तर ती लढत पोकळ, आठ-दहा निघाले तर कसदार. आमचा हा निकष कोणी सुधारला तर उत्तमच, पण काहीतरी मोजले जावे.

2023 च्या अखेरीस आलेल्या ‘इंडिगो डिस्क’ या जोडभागाला असे मोजले की फरक लगेच दिसतो. तिथल्या जवळजवळ सगळ्या लढती दोघांविरुद्ध दोघे अशा आहेत, समोरच्यांच्या हातात वस्तू आहेत आणि त्यांच्या जोड्या विचार करून बांधल्या आहेत. म्हणजे खेळ बनवणाऱ्या ‘गेम फ्रीक’ला हे येत नाही असे मुळीच नाही. मूळ कथेत त्यांनी हात आखडता घेतला.

डाव न तपासण्याची सवय जुनी आहे. 1996 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉनमध्ये भुताची चाल मानसिक टाइपवर भारी पडायला हवी होती, एका चुकीमुळे तिचा परिणाम शून्य झाला. क्रिटिकलची शक्यता वाढवण्यासाठी असलेली फोकस एनर्जी ती उलट घटवत असे. पडद्यावर सगळे ठाकठीक दिसायचे. चुका फक्त आकडे मोजणाऱ्यांना सापडल्या.

शेवटी, मुलांसाठी खेळ घेणाऱ्या घरांना उपयोगी अशा काही गोष्टी, ज्या परीक्षणात हव्यातच. खेळ नऊ भाषांत आहे, त्यांत एकही भारतीय भाषा नाही. पात्रे बोलत नाहीत, सगळा मजकूर वाचावा लागतो. इंग्रजी सराईतपणे न वाचणाऱ्या मुलाजवळ सुरुवातीला कोणीतरी बसायला हवे. दोन आवृत्त्यांत काही प्राणी वेगवेगळे आहेत: लार्व्हिटार ‘स्कार्लेट’मध्ये, बेगॉन ‘व्हायोलेट’मध्ये. हाँटर वाढून त्याचा गेंगार होणे तर दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्याशिवाय घडत नाही. शेजारी बसून अदलाबदल फुकट होते, इंटरनेटवरून करायची तर निन्टेंडोचे वर्गणीचे सदस्यत्व लागते. आणि एका प्रोफाइलवर एकच खेळ साठवला जातो. घरात दोन भावंडे असतील तर मशीनवर आधीच दोन प्रोफाइल काढा, नाहीतर एकाने नवा खेळ सुरू करण्यासाठी दुसऱ्याचा कित्येक तासांचा खेळ पुसावा लागेल.

आपले,
पुण्यातील काही जुने पोकेमॉन खेळाडू