सायक्लोक्रॉसची चाके वजन पाहून घेऊ नयेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील पावसाळी सायकलिंगवरच्या लेखात सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातल्या शर्यतींसाठी बनवलेल्या) सायकलला नवी चाके घेताना ‘शर्यतीत वापरतात तशी हलकी कार्बनची’ घ्यावीत, असा सल्ला आहे. टिकाऊपणा हवा असेल तर हा सल्ला उलटा पडेल. बेल्जियममधली शर्यत तासाभरात संपते, सायकल चिखलाने भरली की पिटमध्ये (सायकल बदलायच्या ठरलेल्या जागी) दुसरी धुतलेली तयार असते आणि चाक गेले तर खर्च टीमचा. आपल्याकडे हीच सायकल रोजचा रस्ता, मुरूम आणि घाट अशा तिन्हींसाठी घेतली जाते. तिचे चाक काही वर्षे चालले पाहिजे आणि बिघडले तर गावातच दुरुस्त झाले पाहिजे.

आधी मापे, कारण निम्मे पैसे इथेच फुकट जातात. या सायकलींचे रिम ७००सी, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिमी. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या ‘२८’चा व्यास ६३५ मिमी आहे. दोन्हींना बोलताना अठ्ठावीसच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. मग ॲक्सल पाहा. डिस्क ब्रेकवाल्या नव्या फ्रेमला बहुधा पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२ मिमीचा (जाडी×रुंदी) थ्रू-ॲक्सल, म्हणजे हबमधून आरपार जाणारा जाड दांडा असतो, जुन्या डिस्क फ्रेमला मागे १३५ मिमीचे क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक दांडा. डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने आवळायची), हेही ठरवून घ्या. फ्रीहबमध्ये, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा (कॅसेट) बसतो त्यात, आणखी एक फसगत आहे. शिमानोच्या ११ स्पीड रोड कॅसेटला जुन्या १० स्पीडच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी जास्त लांबी लागते. लांब फ्रीहबवर आखूड कॅसेट वॉशर घालून बसवता येते, उलटे जमत नाही.

आता मुख्य मुद्दा. चाक टिकते ते तारांवर. दुकानात चाक हातात घेऊन वजन करण्यापेक्षा तारा मोजा. अंगाने भरलेल्या किंवा सामान लादणाऱ्या स्वाराने पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांत ३२-३२ घ्याव्यात, हलक्याला २८ पुरतात. २० किंवा २४ तारांच्या चाकात एक तार तुटली की रिम पुष्कळदा इतका आउट जातो (वाकडा फिरतो) की टायर फ्रेमला घासू लागतो. बत्तीसमधली एक तुटली तर बहुतेक वेळा घरी पोचता येते. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. भार मागे जास्त येतो, हा हिशेब त्या बनवणाऱ्यांना पक्का ठाऊक होता.

तार सहसा हबजवळच्या वाकणावर तुटते आणि लोक म्हणतात, फार ताणली होती. खरे कारण बहुधा उलटे असते. चाक फिरताना जमिनीलगतच्या तारांचा ताण दर फेरीला उतरतो आणि पुन्हा चढतो. तार मुळात ढिली असेल तर ती तळाशी पूर्ण सैल पडते, वाकण हलत राहते, रिममध्ये तार आवळणारे निपल फिरून आणखी सुटते आणि धातू थकतो. मागच्या चाकात कॅसेटमुळे उजव्या तारा उभ्या आणि घट्ट असतात, डाव्या ढिल्या. डिस्कच्या पुढच्या चाकात नेमके उलटे, डिस्क डावीकडे म्हणून उजव्या ढिल्या. मागची उजवी बाजू ११० ते १२० किलोच्या ताणावर बांधली तर डावीकडे त्याच्या साठ-पासष्ट टक्के मिळतात. तारांची भोके मध्यापासून दोन-तीन मिमी सरकवलेला असममित रिम घेतला तर ही तफावत बरीच कमी होते. माझ्या मते याच गोष्टीवर जास्तीचे पैसे घालावेत.

तारा टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी अशा घ्या. मधला बारीक भाग लवतो आणि वाकणावरचा मार कमी होतो, म्हणून त्या सरसकट जाड तारांपेक्षा जास्त टिकतात. वाकलेल्या डोक्याच्याच घ्या. सरळ, चपट्या खास तारा देखण्या खऱ्या, पण त्यांच्यापैकी एक मागवायला आठवडे जातात. निपल पितळेचे हवेत. ॲल्युमिनियमचे घेऊन चाकांच्या जोडीमागे चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण कोकणच्या खाऱ्या हवेत ते तारेला धरून बसतात आणि आउट काढायला गेले की तुटतात.

हबमध्ये सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग बरे, कारण त्यावरचा क्रमांक दाखवून बाजारात तसलेच मिळते. ६९०२ म्हणजे १५×२८×७ मिमी. सुट्या गोळ्यांचे कप-कोन हबही छान चालतात, मात्र दर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस भरले तरच. कोन बदलता येतो, पण कपला खड्डे पडले की सहसा सगळा हबच जातो. दोन्ही प्रकारांचा खरा शत्रू म्हणजे सर्व्हिस स्टेशनवरचा प्रेशरचा पाइप. फ्रीहब शक्यतो पोलादी घ्या, ॲल्युमिनियमच्यात कॅसेटच्या चकत्या खाचा पाडतात.

रिम ॲल्युमिनियमचा, आतून १९ ते २३ मिमी रुंद असावा. शर्यतीच्या नियमात टायर ३३ मिमीपर्यंतच चालतो आणि तो या रुंदीवर नीट बसतो. दगडावर आपटून कड वाकली तर ॲल्युमिनियम पुष्कळदा सरळ करता येतो, कार्बनला तडा गेला की विषय संपला. हुकलेस (टायर धरणारी आत वळलेली कड नसलेला) रिम घेतलाच तर हवा ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये आणि टायरवर हुकलेस चालतो असे छापलेले असावे.

नवे चाक बसवल्यावर डिस्कची जागा केसभर बदलते. कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसेच घट्ट करा. दीड-दोनशे किलोमीटरनंतर आउट आणि ताण पुन्हा तपासून घ्या. शेजारच्या तारा जोडीने चिमटीत दाबून पाहिल्या की ढिली हाताला लगेच कळते. ट्यूबलेस असेल तर दर टायरमध्ये ४० ते ६० मिली सीलंट (पंक्चर आतून बुजवणारे द्रव) टाका. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, तेव्हा टाकल्याची तारीख रिमवर लिहून ठेवावी.

आपला,
चाके बांधणारा एक वाचक, पुणे