आई-बाबांना, शेफील्डहून

शेफील्ड,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगू म्हणून चार रविवार ठरवलं, आणि चारही रविवारी आईच्या गुडघ्यावर नि भिशीवर बोलून फोन ठेवला. बाबांना फोनवर निम्मंच ऐकू येतं, उरलेलं निम्मं आई तिच्या पद्धतीनं सांगते. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू आधी शेवट बघू नकोस.

मी नोकरी सोडली. काढलं नाही कुणी, मी सोडली. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी. मागं व्हिडिओवर बाबांनी 'पाठीमागं ती काळी पेटी कसली गं?' असं विचारलं, तेव्हा मी 'ऑफिसचं सामान' म्हणाले. खोटं बोलले. त्याबद्दल इथूनच कान धरते. नोकरी सोडल्याबद्दल मात्र धरत नाही.

ती पेटी म्हणजे कॉर्ग कंपनीचा पॉलिसिक्स. १९८१ सालचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारी पेटी, दोन्ही कडांना लाकूड लावलेली. जुने सिंथेसायझर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी आता आठवड्यातले चार दिवस जाते. मालक अडुसष्ट वर्षांचे आहेत, बाबांइतकेच हट्टी, आणि चहाही तितकाच पितात. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. घराचा हप्ता त्यात बसतो, सईच्या शाळेला इथं फी नाही, आणि इथं राहायचा माझा परवाना कायमचा आहे, तो नोकरीवर अवलंबून नाही. दवाखानाही सरकारी. तेव्हा आई, रात्री उठून बसू नकोस. सुमनताईंचे पैसे आणि औषधांचे पैसे एक तारखेलाच येतील, एक रुपया कमी येणार नाही.

'चाळीस वर्षांची भंगार यंत्रं दुरुस्त करायला पैसे कोण देतं?' हे बाबांनी मनात विचारलंच असेल. देतात, बाबा. का देतात ते सांगते. जरा लांबण लागेल.

हे गाव पोलादाचं. मोठ्या घणाचे कारखाने इथं रात्रभर चालायचे, त्यांचा धप्प धप्प आवाज डोंगरउतारावरच्या घरांत अंथरुणापर्यंत यायचा. तो आवाज ऐकत वाढलेली पोरं पुढं बँड काढून बसली आणि मुलाखतींत सांगत राहिली की आमच्या गाण्यातला ठोका तिथून आला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले होते. मला झोपवायला अंगाई कुणाची होती? शेजारच्या खोलीतल्या आठ मागांची. खटक-खटाक, खटक-खटाक. आणि लाईट गेली की सगळं गप्प व्हायचं, त्या गप्प होण्यानं मला जाग यायची, मी रडायचे, आणि तू काळोखात पाठीवर थापटत तोंडानं मागाचा आवाज काढायचीस. आठवतं का गं? सईला मी हे करून दाखवलं. तिला वाटलं मी आगगाडीची नक्कल करतेय.

तर ही पोरं. त्यांत संगीत शिकलेलं जवळजवळ कुणी नाही. कॅबरे व्होल्टेअर नावाचा बँड १९७३ पासूनचा. त्यातला ख्रिस वॉटसन टेलिफोनचा इंजिनियर. टेपच्या फिती कापायच्या, जोडायच्या, उलट्या वाजवायच्या हा त्यांचा उद्योग. मग १९७७ मध्ये ह्यूमन लीग. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघं कॉम्प्युटरवर पाळीनं काम करणारे ऑपरेटर, आणि गायला घेतला तो फिल ओकी हॉस्पिटलात पेशंटच्या गाड्या ढकलायचा. त्यांचं पहिलं गाणं १९७८ चं, साध्या टेपरेकॉर्डरवर केलेलं. आई, ते गाणं कशावर आहे ऐक: रेशमाच्या किड्यांवर! उकळत्या पाण्यात टाकतात ना कोष, त्यावर. हे थांबवा म्हणून त्यात बुद्धालाही आणून बसवलाय. तुझ्या सोवळ्याच्या कदाबद्दल आजी जे म्हणायची तेच थोडंफार, फक्त मागं गिटार नाही, ढोल नाही, नुसती यंत्रं. त्या काळी लोकांना हे भुताटकीसारखं वाटलं असणार. मला अजूनही वाटतं, रात्री एकटीनं ऐकलं तर.

लिव्हरपूलच्या बाजूला आणखी दोन पोरं होती. त्यांनी सिंथेसायझर घेतला तो एकाच्या आईकडच्या घरपोच मालाच्या कॅटलॉगमधून, हप्त्यांवर. तुझं शिलाई मशीन आलं तसाच. त्यांचा ओएमडी नावाचा बँड अजून वाजवतोय. यंत्र स्वस्त झालं म्हणून हे सगळं घडलं, बाबा. त्याआधी हे असलं सामान श्रीमंत बँडकडे नाहीतर विद्यापीठात असायचं. सत्तरीच्या शेवटी जपानी कंपन्यांनी ते कारकुनाच्या पगारात आणून ठेवलं.

ह्यूमन लीग १९८० मध्ये फुटला. वाजवणारे दोघं निघून गेले आणि ओकीच्या गळ्यात राहिला आधीच ठरलेला दौरा. तो गेला इथल्याच एका नाचाच्या क्लबात, आणि तिथं नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना म्हणाला, येता का बँडमध्ये? जोॲन कॅथरॉल आणि सुझन ॲन सली. त्यांच्या आई-वडलांची परवानगी काढावी लागली. दिली हो त्यांनी! पुढच्याच वर्षी त्यांचं गाणं नाताळात इंग्लंडात पहिल्या नंबरावर, १९८२ मध्ये अमेरिकेतही. त्या दोघी आजही त्याच बँडमध्ये गातात. (मी परवानगी न विचारता निर्णय घेतला, हे लक्षात आहे माझ्या. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, बाबा, पण तरी.)

आता मँचेस्टर. तुम्ही इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणून पाहुण्यांना सांगायचात, मी खऱ्या मँचेस्टरला गेले तेव्हा गिरण्यांचे फ्लॅट झाले होते. तिथला जॉय डिव्हिजन हा बँड. गाणारा इयन कर्टिस अपंगांना काम मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत होता. त्याला फिट यायच्या, मोहनमामासारख्या. तो मे १९८० मध्ये गेला, तेवीस वर्षांचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. उरलेल्या तिघांनी नाव बदललं आणि न्यू ऑर्डर म्हणून वाजवायला लागले. त्यांच्या बर्नार्ड सम्नरनं सिंथेसायझर घरीच बनवला होता. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आराखडा छापून आला होता, सुटे भाग मागवायचे आणि बसून सोल्डरिंग करायचं. तुम्ही माझ्या आठवीच्या सुट्टीत रेडिओचा किट आणला होता आणि मी सोल्डरिंग गननं टेबलावरचं मेणकापड जाळलं होतं, तसंच.

आणि आई, ही गोष्ट खास तुझ्यासाठी. १९८३ मध्ये त्यांनी एक लांबलचक नाचाचं गाणं केलं, ब्लू मंडे. त्यातले सूर यंत्रात एकेक करून भरायचे होते. ते काम बँडमधल्याच गिलियन गिल्बर्टनं केलं. तिनं कागदाला कागद चिकटवून स्टुडिओभर लांब पट्टी केली, एखाद्या विणकामाच्या नमुन्यासारखी, आणि भरताना एक सूर सुटला. त्यामुळं पूर्ण चाल ठेक्यापासून किंचित सरकली. तशीच ठेवली. कापडात धागा सुटला असता तर बाबांनी ताका बाजूला काढला असता. इथं त्याच सरकण्यावर लोक गेली चाळीस वर्षं नाचतात.

म्हणून पैसे देतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोरांनी हे आणि क्राफ्टवेर्क नावाचा जर्मन बँड ऐकून टेक्नो नावाचं यंत्रांवरचं नाचाचं संगीत काढलं, आणि आज सईच्या कानात जे चालू असतं त्यातला निम्मा आवाज या पेट्यांचा किंवा त्यांच्या नकलेचा असतो. नक्कल फोनवर फुकट मिळते. तरी अस्सल वाजवणारे आहेत, आणि अस्सल म्हटलं की बिघडतं. आपल्या मुंबईतल्या चरणजीत सिंग यांनीही १९८२ मध्ये असल्याच जपानी यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परत निघाली आणि आता आमचे मालकच मला विचारतात, 'भैरव म्हणजे सकाळचा ना?' मी ठोकून सांगते हो.

रोजचं काम म्हणाल तर संगीत कमी आणि घाण जास्त. त्या पॉलिसिक्सच्या पोटात, आवाज लक्षात ठेवण्यासाठी, एक छोटी बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की फुटते, पाझरते आणि खालच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. उघडलं की हिरवी बुरशी दिसते. बॅटरी काढायची, व्हिनेगर लावून दातांच्या ब्रशनं घासायचं, आणि जिथं रेघ तुटलीय तिथं केसासारखी तार टाकून जोडायची. कांडी बदलताना तू न बघता चिमटीनं गाठ मारायचीस, एका दमात. माझी तार तीनदा निसटते. मालक काही बोलत नाहीत, नुसते चहा ठेवतात.

पहिल्या आठवड्यात एक यंत्र आलं, चालू केलं की नुसती हम्म अशी गुणगुण. बाकीचे मीटर घेऊन धावले. मी म्हणाले, 'हे पॉवर सप्लायचं आहे, तिथले कपॅसिटर सुकलेत.' तेच निघालं. बाबा, तुम्ही दारात उभं राहून, चप्पलही न काढता, नुसत्या आवाजावरून 'चार नंबरचा माग बोंबलतोय' म्हणायचात.

आता वाईट भाग. दिवाळीला येत नाही. नवीन ठिकाणी इतक्यात सुट्टी मागणं बरं दिसत नाही, तिकीटही फार आहे. संक्रांतीला नक्की येते, सईला घेऊन, तीन आठवडे. तिकीट काढलंय, दादाला पाठवलंय, विचारा त्याला. आणि पुढच्या वर्षी कायमची परत येते असं मी म्हणाले होते, ते आता दोन वर्षांवर गेलं. रद्द केलेलं नाही. वरची खोली भाड्यानं देऊ नका. बरं, द्यायचीच तर अकरा महिन्यांचा करार करा आणि माझं कपाट तेवढं माळ्यावर ठेवा. आई, तू देवाजवळ रडून झालं की फोन कर, मी रात्री बारापर्यंत जागी असते.

आता ऐका. बाबा, कानातलं यंत्र डबीत ठेवायला आणलेलं नाही. सेल घालताना मागचा स्टिकर काढून एक मिनिट तसाच ठेवायचा, मग बसवायचा. लगेच बसवता म्हणून लवकर उतरतो. आंघोळीला काढायचं. रात्री त्या पांढऱ्या पुडीसोबत डबीत. आणि टीव्हीचा आवाज वीसच्या वर गेला की आई मला मेसेज करणार आहे, आमचं ठरलंय. आई, मांडी घालून भाजी निवडणं बंद, खुर्ची कशाला घेतली मग? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम दोन वेळा, 'आज एकादशी' हे कारण चालणार नाही. फराळ विकत आणा. चकलीचं भाजणी-बिजणी काही करू नका, मी बघायला नाही म्हणून सुरू करशील. थोड्याशा करंज्या केल्यास तर दादाकडे दे, त्याचा मित्र २० तारखेला निघतोय.

बाळूकाकांना हे सगळं सांगायची गरज नाही. 'कंपनी बदलली' म्हणा, ते खोटंही नाही.

तुमची,
मनू

ता. क. शेजारचे माग दिवाळीनंतर भंगारात जाणार असं दादा म्हणाला. बाबा, त्याआधी एक काम करा. रात्री अकराच्या पाळीला, आठही चालू असताना, फोन आपल्या खिडकीच्या कठड्यावर ठेवा (हातात धरू नका, हात हलतो) आणि दहा मिनिटं रेकॉर्डिंग करा. बटण लाल होतं का ते आईला बघायला सांगा. मध्ये बोलू नका. लाईट गेली तरी बंद करू नका, तेही हवंय मला.