कोबा वाळेपर्यंत थांबवणाऱ्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

तुमची शाळा कानडीतली, म्हणून हे पत्र सूनबाईंकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितेय, कारण तुमचं काम आमच्या खोलीच्या चार भिंतींत झाकलेलं राहू नये असं वाटतं.

मागच्या वर्षी जुलैत तुम्ही खानापूरला आमच्या घरी आलात, तेव्हा लाकडी फ्लोअरिंगच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, माडी चढणं बंद. म्हणून परसाकडं तिच्यासाठी खोली काढली आणि मे महिन्यात चार इंच कोबा घातला. आपल्याकडच्या पावसात शहाबादी फरशी किती गार पडते ते तिचे गुडघेच जाणत. दुकानदार म्हणाला होता, खाली फोम असतो, काही होत नाही, लगेच बसवून टाका.

तुम्ही पेटीला हातसुद्धा लावला नाही. उकिडवे बसून कोब्यावर तळहात ठेवलात. मग पिशवीतनं दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा काढून चारी कडांनी टेप लावलात आणि म्हणालात, "अक्का, उद्या याच वेळेला येतो." दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव पडल्यासारखे थेंब आणि खालचा कोबा काळपट. "नोड्री, बघा, वरनं सुका दिसतोय. पोटात पाणी आहे."

ही फळी म्हणजे भुसा दाबून केलेली. ओल लागली की कडा फुगतात, सांधे वर येतात आणि नंतर वाळली तरी ती पूर्ववत बसत नाही, हे तुम्ही आईला समजावून सांगितलंत. इंचाला एक महिना हा तुमचा हिशोब, त्यात पावसाचे दिवस धरायचे नाहीत. दोन खेपा झाल्या होत्या, म्हणून मी मजुरी पुढं केली. "काम झालं नाही तर पैसे कसले?" म्हणून तुम्ही सायकल काढलीत. हातातलं काम स्वतःहून पुढं ढकलणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

नोव्हेंबरात प्लॅस्टिक परत चिकटवलं, ते कोरडं निघालं. डिसेंबरात पेट्या दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवायला लावल्यात, फळ्यांना तिथली हवा लागू दे म्हणून. दोन मीटरची पट्टी फिरवून जिथं 3 मि.मी.हून जास्त फट दिसली तिथं खडूनं गोल केलात. खिडकीखालचा खळगा लेव्हलिंगच्या मसाल्यानं भरलात, दाराजवळचा उंचवटा घासून काढलात. कोबा वाळला तरी पुढच्या पावसाळ्यात जमीन ओल वर ढकलणारच, म्हणून आधी 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, जोडाला वीतभर एकावर एक घेऊन टेप मारलेला. त्यावर फोम.

ही जमीन खाली कुठंच चिकटवायची नाही, खिळायची नाही, हे मला नवीन होतं. सगळ्या फळ्या एकमेकींत अडकून चटईसारख्या नुसत्या पडून राहतात. हवेतला दमटपणा वाढला की ती अख्खी चटई पसरते, म्हणून भिंतीकडनं चारी बाजूंनी 10 मि.मी. जागा सोडायची. ती फट झाकणारी स्कर्टिंगची पट्टीसुद्धा तुम्ही भिंतीलाच ठोकलीत, फळीला नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढनं जात नाही. दाराच्या चौकटीभोवती फळी कापून वळवणं सोपं होतं. तुम्ही फोमच्या तुकड्यावर फळीचा तुकडा ठेवलात, त्यावर करवत आडवी टेकवलीत आणि चौकटीचा पाय तेवढ्याच उंचीचा कापलात. मग फळी अलगद त्याखाली सरकवलीत. चौकट जमिनीतनंच उगवल्यासारखी दिसते. तेव्हा आई दारात खुर्ची टाकून बसली होती. "एवढं कशाला हो?" तिनं विचारलं. "सावकाश, आई, सावकाश," तुम्ही म्हणालात. तो शब्द तुम्ही कानडी बोलतानाही असाच म्हणता.

यंदाचा पावसाळा पुरा झाला. घाटातल्या कणकुंबीकडनं वारा सुटला की आमची दारं फुगून घासायला लागतात, यंदाही लागली. आईची जमीन जागची हलली नाही. रोज पहाटे ती देवाला दिवा लावायला अनवाणी उठते. ऑगस्टात मी पायातले मोजे घे म्हटलं, तर म्हणाली, नको, गार लागत नाही.

उरलेल्या चार फळ्या तुम्ही सांगितल्याप्रमाणं त्याच खोलीत पलंगाखाली आडव्या ठेवल्यात. खिडकीजवळची एक फळी आईच्या काठीनं जराशी खरवडलीय, तेवढी एकदा बघून जा. त्या दोन खेपांची मजुरी आईनं पाकिटात घालून देवघरात ठेवलीय. तिच्या हातनं ती घ्यावी लागेल.

तुमची,
खानापूरची अक्का