बफरमधल्या गावाचा आराखडा मोळीच्या वजनापासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली की ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत आराखड्यांची गडबड सुरू होते. एकीकडे ग्रामपंचायत विकास आराखडा, दुसरीकडे ग्राम परिस्थितीकीय विकास समितीचा, म्हणजे गावात जिला सगळे इडीसी म्हणतात तिचा, सूक्ष्म आराखडा. दोन्ही कागद उघडले तर आत बहुधा एकच मजकूर सापडतो : सभामंडप, सिमेंट रस्ता, सौरदिवे, गॅसजोडण्या, कुंपण, शिलाई यंत्रे. यातली एकही वस्तू नको असे आमचे म्हणणे नाही. पण ही झाली मागण्यांची यादी. गावातले कोण, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशासाठी जंगलात शिरते, ते शिरणे कशाने कमी होईल, हे ज्या कागदात नाही तो वाघाच्या शेजारी राहणाऱ्या गावाच्या काय कामाचा?

आधी एक घोळ निस्तरायला हवा. तीन वेगळे कागद लोक एकाच नावाने ओळखतात. १९५५ साली घोषित झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून जो गाभा बनला, तो आणि भोवतीचा बफर व्याघ्र संवर्धन आराखड्यात येतात. हा आराखडा वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३८ व्ही खाली होतो. २००६ च्या दुरुस्तीने आलेल्या याच कलमात लोकांच्या शेतीचे, उपजीविकेचे आणि विकासाचे हित जपावे असे लिहिले आहे. बफरची हद्द ठरवताना ग्रामसभेशी विचारविनिमय करायचा, हेही त्यातच आहे. दुसरा कागद पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा. तो राज्य शासनाने करायचा असतो आणि खाणी, कारखाने, हॉटेले यांना कुठे मज्जाव आहे ते तो पाहतो. तिसरा गावाचा सूक्ष्म आराखडा. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून गावांना जो निधी मिळतो, त्याची कामे यातून ठरतात. पहिल्या दोन नकाशांत गाव म्हणजे एक ठिपका. तिसऱ्यात घरे, विहिरी, गोठे, गुरांच्या वाटा दिसल्या पाहिजेत.

त्यासाठी छापील नमुना भरण्याआधी गावाचे दप्तर उघडावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची नोंदवही), तलाठ्याकडचा गावनकाशा, बीटचा, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीचा, कक्ष (जंगलाचे तुकडे) क्रमांकांसह नकाशा, सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्या पत्राची प्रत, आणि निस्तार पत्रक. जुन्या मध्य प्रांतातल्या आपल्या गावांसाठी निस्तार पत्रके झालेली आहेत; सरपण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, याच्या नोंदी त्यात सापडतात. नवी कामे सुचवताना ते कोणी काढून बघत नाही. मग चराईच्या वाटेवरच रोपवन उभे राहते, गुरे आणखी आतल्या कक्षात जातात आणि तिथे गाय मारली गेली की बोल गुराख्याला लागतो.

आता सरपण. सबंध आराखड्यात सर्वांत मोलाचा आकडा मोळीचा, आणि नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. मोजायला ५० किलोचा लटकवायचा तानकाटा पुरतो. प्रत्येक टोल्यातली, म्हणजे वाडीतली, चार-पाच घरे घ्यावीत : एक मोठे खटले, एक दोघा-तिघांचे, एक गुरेवाले, एक बिनगुरांचे. संध्याकाळी घरातले लाकूड तोलून वेगळे रचायचे, उद्या यातूनच जाळा म्हणून सांगायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी उरलेले तोलायचे. असे सलग तीन दिवस. मग पुन्हा थंडीत आणि उन्हाळ्यात. ओले लाकूड जड भरते, म्हणून पावसाळ्यातला आकडा वेगळा लिहावा. समजा घरामागे रोजचे सरासरी ६ किलो निघाले आणि गावात १२० घरे आहेत. दिवसाला ७२० किलो झाले, वर्षाला सुमारे २६३ टन. डोक्यावरची मोळी २० ते २५ किलोंची धरली तर गावाला रोज तीसेक मोळ्या लागतात, म्हणजे रोज तीस बाया जंगलात जाऊन येतात. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडला की सभामंडप आधी की चूल आधी, यावर लोक आपणहून बोलू लागतात.

गॅसची जोडणी दिली की सरपण थांबले, असे बहुतेक आराखडे धरून चालतात. तसे होत नाही. चहा आणि भाजी गॅसवर जाते. आंघोळीचे पाणी, गुरांची आंबोण, लग्नाकार्याचा स्वयंपाक आणि थंडीतली शेकोटी लाकडावरच राहते. म्हणून तोलतानाच कशासाठी किती जळते तेही विचारावे. आंघोळीच्या पाण्याचा वाटा मोठा निघाला तर त्या घराला कमी लाकडात पाणी तापवणारा बंब जास्त कामाचा. आणि प्रगती मोजायची ती जोडण्यांवरून नव्हे, भरून आणलेल्या टाक्यांवरून. १४.२ किलोची टाकी घराने वर्षात दोनदाच भरली असेल तर अडचण पैशाची आहे की अंतराची, हे शोधावे लागेल. अंतराची असेल तर महिन्यातल्या ठरलेल्या दोन दिवशी टाक्यांची गाडी गावात येईल ही व्यवस्था आराखड्यात लिहिली गेली पाहिजे. तिला खर्च फार नाही, म्हणूनच ती कोणाच्या यादीत येत नाही.

सरपणानंतर वर्षाचा तक्ता. मार्च-एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदू, पावसात वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (रानटी अळिंबी), ऑक्टोबर-नोव्हेंबरात मूल-सिंदेवाहीकडे धानाची कापणी, पुढे चण्याची जागल. बारा महिन्यांच्या बारा उभ्या ओळी, आणि प्रत्येकीखाली कोण जाते, किती वाजता, एकटे की जोडीने. हे काम मे महिन्यात सकाळी अकराला घरोघर फिरून होणार नाही. तेव्हा घरात म्हातारी माणसे तेवढी असतात आणि पाहणीत नेमकी तेंदूला गेलेली माणसे गळतात. रात्री जेवणानंतर टोल्यात बसावे, बायांशी वेगळे बसावे.

मोहाचेच पाहा. फुले रात्री आणि पहाटे गळतात, गुरांनी-हरणांनी खाण्याआधी वेचायची म्हणून माणसे अंधारातच निघतात. खालचा पालापाचोळा दूर व्हावा म्हणून झाडाखाली आग लावतात, ती जंगलात पसरते. आणि वाकून वेचणारे माणूस झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखे दिसते. या तिन्ही गोष्टींवर एक साधा उपाय आहे : झाडाखाली जमिनीपासून हातभर उंच बांधलेली जाळी, किंवा जुन्या लुगड्यांची झोळी. फुले स्वच्छ राहतात, आग लागत नाही, आणि वेचणारीला उजाडल्यावर उभ्याने गोळा करता येतात. आराखड्यात लिहायचे ते घरामागे वेचणीची झाडे किती, एका झाडाखाली जाळी किती मीटर लागेल आणि ती फेब्रुवारी संपायच्या आत हातात पडेल का. एप्रिलमध्ये आलेली जाळी त्या वर्षी वाया गेली. तेंदूचेही तसेच. ७० पानांचा पुडा, जितके पुडे तितके पैसे, म्हणून घाई. ज्या कक्षात पिले घेतलेली वाघीण आहे तिथे त्या आठवड्यात तोडाई नको, हे वनरक्षकाने आदल्या संध्याकाळी कोणाला सांगायचे, दवंडी कोणी द्यायची, हे माणसांच्या नेमणुकीसह लिहिलेले असावे.

याच तक्त्याशेजारी संघर्षाचा नकाशा हवा. गेल्या पाच वर्षांतल्या नुकसानभरपाईच्या नोंदी परिक्षेत्र कार्यालयात असतात. प्रत्येक घटनेचा कक्ष किंवा गट क्रमांक, तारीख, वेळ, माणूस काय करत होता आणि जनावर गोठ्यात होते की चराईत, एवढे उतरवून गावनकाशावर टिकल्या लावा. त्या सगळीकडे विखुरत नाहीत. नाल्याकाठची रायमुनियाची (घाणेरीची) दाट झुडपे, मेलेली ढोरे टाकायची जागा, नळ कोरडा म्हणून शौचालय सोडून पहाटे जायची वाट, अशा दोन-तीन ठिकाणी दाटतात. तिथली झुडपे काढणे, ढोरे गावापासून लांब खोल पुरणे, शौचालयापर्यंत पाणी नेणे ही पहिल्या वर्षाची कामे. सौरदिवा लावायचा तर त्या वाटेवर, सरपंचाच्या दारासमोर नाही. गुरे मारली गेल्यास ४८ तासांत खबर द्यायची आणि पंचनाम्याआधी जनावर हलवायचे नाही, हा नियम आराखड्यासोबत प्रत्येक टोल्यात रंगवून लावावा. तो माहीत नसल्याने हक्काची भरपाई बुडते.

कुंपणावर थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा तिथे जातो आणि अपयशही तिथेच येते. सौर कुंपणात एनर्जायझर नावाचे यंत्र सेकंदाला साधारण एक झटका तारेत सोडते. जवळ उभे राहिले तर टक् टक् असा आवाज ऐकू येतो. झटका क्षणभराचा, म्हणून जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. श्रावणात खालच्या तारेला गवत टेकले की तो प्रवाह गवतातून जमिनीत उतरत राहतो. यंत्राचा आवाज चालूच असतो, दिवा लागलेला असतो, आणि तारेत रानडुकराला रोखण्याइतका जोर नसतो. दुसरा दोष अर्थिंगचा. एकच हातभर सळई ठोकून मोकळे होतात. निदान तीन सळया, एकमेकींपासून ३ मीटरवर, मीटरभराहून खोल आणि शक्यतो बांधाच्या ओलसर कडेला हव्यात. उन्हाळ्यात मुरूम इतका सुकतो की जमिनीतून प्रवाह परतच येत नाही. तिथे एकाआड एक तार अर्थिंगला जोडावी लागते. बॅटरीतले पाणी आटणे हा तिसरा. म्हणून कुंपणाच्या अंदाजपत्रकात जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला गवतकापणी, दहा शेतकऱ्यांमागे एक व्होल्टमापक आणि बॅटरी बदलण्याची तजवीज धरली पाहिजे.

शिवाय कुंपण एकेकट्या शेताला दिले की डुकरे शेजारच्या धानात घुसतात. लागून असलेली वीस-पंचवीस शेते मिळून एक वेढा घालावा. घरामागे तार कमी लागते आणि फाटकेही कमी. बंद पडलेल्या कुंपणाचा पुढचा टप्पा फार वाईट आहे. उभे पीक डोळ्यांदेखत जाताना कोणीतरी विजेच्या खांबावरून आकडा टाकून थेट वीज तारेत सोडतो. त्या तारेने वाघ मरतात, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. श्रावणातल्या गवतकापणीचे पैसे हा वाघाच्या रक्षणाचाच खर्च आहे, तो त्या नावाखाली धरला तरी चालेल.

पाण्याबद्दल एवढेच की नवी बोअर मागण्याआधी गावची बोडी (लहान तळे) आणि माजी मालगुजारी (मालगुजारांच्या काळातला) तलाव पाहावा. पाळीला कुठे घळ पडली आहे, सांडवा किती झिजला आहे, तुडुमातून (पाणी सोडायच्या तोंडातून) पाणी झिरपते का, गाळ किती हात आहे. भर पावसात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा शिवारफेरी केली तर हे सगळे दिसते. तलावात मासेमारी करणाऱ्या धिवरांना विचारल्याशिवाय गाळाचे काम ठरवू नये. सगळा तळ सारखा खरवडला की उन्हाळ्यात मासा टिकायला डोह उरत नाही.

गावातले काम वनजमिनीवर येते म्हणून अडले, असे उत्तर पुष्कळदा मिळते. वनहक्क कायद्याचे कलम ३(२) यासाठीच आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रास्त भाव दुकान, पाण्याची पाइपलाइन, लहान तलाव, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सुविधांसाठी, प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल, हेक्टरी ७५ हून जास्त झाडे तुटत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर वनजमीन देता येते. ठराव मोघम नसावा : कक्ष क्रमांक, क्षेत्र, मोजलेली झाडे, नकाशा. आणि ज्या गावाला सामूहिक वनहक्क आहे तिथे ग्रामसभेचा वन व्यवस्थापन आराखडा आणि इडीसीचा सूक्ष्म आराखडा एकाच टेबलावर ठेवून वाचावेत. एकाच कक्षात एकाने बांबू तोडायचा आणि दुसऱ्याने चराईबंदी घालायची, असे होता कामा नये.

पर्यटनाने गाव तरेल ही आशा मोहर्ली किंवा कोलाऱ्यासारख्या प्रवेशद्वाराच्या गावात खरी असेल. फाटकापासून लांबच्या गावाने घरगुती निवासाच्या खोल्या आराखड्यात लिहिण्याआधी रस्त्यावरून रोज किती गाड्या जातात ते आठवडाभर मोजावे. खोल्या बांधायच्याच तर शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा.

राहिला प्रश्न मंजुरीचा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे ग्रामपंचायत अधिनियमानेच बंधनकारक आहे. मोळीचे आकडे आणि वर्षाचा तक्ता तिथे आधी वाचावा, चुका तिथेच कळतात. प्रत्येक कामापुढे तीन रकाने हवेत : पैसा कोणत्या खात्याचा, दुरुस्ती कोणाकडे आणि दुरुस्तीला वर्षाला किती. ग्रामपंचायतीच्या निधीतून होणारी कामे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तिच्याच आराखड्यात चढवावीत, म्हणजे इडीसीचे पैसे सरपण, कुंपण आणि जाळ्यांना मोकळे राहतात.

यंदा वेळ थोडा आहे. तरी पावसाळ्यातले वजन सप्टेंबर संपायच्या आत घेता येईल. प्रत्येक टोल्यात चार-पाच घरे आणि चार संध्याकाळी लागतात, आणि तानकाटा कोणत्याही किराणा दुकानातून उसना मिळतो.

आपले,
बफर गावांच्या सूक्ष्म आराखड्यांवर काम करणारे कार्यकर्ते,
जि. चंद्रपूर