मोठेबाबांचा ‘बाहेरचा हात’

नॅराब्राय, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. आई, मोठी आई आणि मोठेबाबांना नमस्कार. चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण मोठेबाबा. रविवारी फोनवर ते म्हणाले, “तू आता तिकडली झाली, तुले इकडच्या राजकारणात बोलाचं काम नाही.” मी तोंड उघडते तोच तुमच्याकडची लाइन गेली. म्हणून हे कागदावर. सोनूनं मोठ्यानं वाचून दाखवावं. कागदाचा एक फायदा असा, की मधात कोणाला बोलता येत नाही.

मोठेबाबांचं म्हणणं मी आधी नीट मांडते, म्हणजे उगाच उलटंपालटं केलं असं व्हायला नको. 2025 च्या ऑगस्टात दिल्लीनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हटलं, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमकं पऱ्हाटी फुटून वेचणी चालू व्हायच्या तोंडावर. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये, आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन काय भाव सांगत होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच महिन्याच्या 27 तारखेपासून अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. मोठेबाबांनी दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या आणि निकाल दिला: हे अमेरिकेनं करवून घेतलं, सरकार आपलं राहिलं नाही.

संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. तारखा पाहून कोणाच्याही मनात तो येईल. पण हे शुल्क 2021 च्या फेब्रुवारीत लागलं तेव्हापासून ते काढा म्हणून आपल्याच देशातल्या सूतगिरण्या आणि कापडवाले मागणी करत होते. त्यांना कच्चा माल स्वस्त हवा होता. ते काही परके नाहीत. त्यांचंच धोतर मोठेबाबा नेसतात. मग हात बाहेरचा होता की घरचा? की दोन्ही एकाच वेळी एकाच दोरीला लागले होते? “बाहेरचा हात” म्हटलं की हा प्रश्नच मिटून जातो, आणि गिरणीवाला आरामात बाजूला उभा राहतो.

आता गंमत ऐका. मी ज्या गावात पोरं शिकवते तेही कापसाचंच गाव आहे. इथं वेचणी माणसं करत नाहीत. घराएवढं यंत्र शेतातून जातं आणि मागून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे टाकत जातं. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा जो व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, त्यात वर्षाला 51,000 टन ऑस्ट्रेलियन कापूस आपल्याकडे शुल्काशिवाय येऊ शकतो. तो पिकवणाऱ्यांची पोरं माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या संघटनेनं या सवलतीचं उघड स्वागत केलं होतं. त्यांच्या लेखी ती त्यांच्या सरकारनं कास्तकारासाठी केलेली चांगली गोष्ट. तीच गोष्ट आपल्या ओट्यावर बसून पाहिली तर परकीय दबाव. आणि मी दोन्हीकडचं मीठ खाते, त्यामुळे माझी झोप दोन्हीकडून मोडते.

मोठेबाबांना वाटतं, परदेशात गेलं की माणसाला परदेश चांगला दिसायला लागतो. तसं नाही. इथले लोक याच भीतीनं आपल्याहून जास्त हैराण आहेत. यांच्या राज्यघटनेत 44 वं कलम आहे: परक्या देशाचं नागरिकत्व असलेल्याला संसदेत बसता येत नाही. 2017 साली एकेकाचे कागद निघू लागले. आमच्या शेजारच्या मतदारसंघातले बार्नाबी जॉइस तेव्हा उपपंतप्रधान होते. वडील न्यूझीलंडमध्ये जन्मले, एवढ्यावर तिथल्या कायद्यानं मुलगाही आपोआप तिथला नागरिक ठरला. 27 ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं (इथलं सर्वोच्च तेच) त्यांच्यासह पाच जणांना अपात्र ठरवलं. डिसेंबरात ते पोटनिवडणूक जिंकून त्याच खुर्चीवर परत आले. त्या पाचांत एक माल्कम रॉबर्ट्स होते. जन्म आपल्या बंगालमधला, वडील वेल्सचे, अडले ब्रिटिश नागरिकत्वावर. आणि हे सगळे खासदार शपथ कोणाची घेतात? लंडनच्या राजघराण्याची! तरी ब्रिटन हा “परका देश” आहे, असं याच न्यायालयानं 1999 मध्ये सांगून ठेवलं आहे. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हे समजावून सांगताना एक बाई स्वतःच हसायला लागल्या.

आता दुसरी बाजू. सॅम दस्त्यारी नावाचे सिनेटर, जन्म इराणचा. निवडणुकीला उभं राहता यावं म्हणून इराणचं नागरिकत्व सोडायला त्यांनी वकिलांवर सुमारे 25,000 डॉलर घातले. कागद एकदम चोख. पण त्यांच्या प्रवासाचं 1,670 डॉलरचं एक जास्तीचं बिल चिनी संबंध असलेल्या कंपनीनं भरलं. दक्षिण चीन समुद्राच्या वादात ते स्वतःच्या पक्षाच्या उलट, चीनच्या बाजूनं बोलले. हळूहळू सगळं बाहेर येत गेलं आणि 2017 च्या डिसेंबरात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. ते बिल कसं सापडलं माहीत आहे? खासदारांना मिळालेल्या वस्तू आणि पैसे जिथं नोंदवावे लागतात, त्या नोंदवहीत त्यांनी ते स्वतःच लिहिलं होतं.

बाबा, म्हणून मला जन्माच्या दाखल्यापेक्षा नोंदवहीची किंमत जास्त वाटते. बाप कुठं जन्मला हे शोधायला डोकं लागत नाही. कोणी काय दिलं आणि त्यानंतर काय बदललं हे शोधायला लागतं. 2018 मध्ये इथं कायदा झाला, की परक्या सरकारसाठी किंवा त्याच्या माणसांसाठी इथल्या राजकारणात काम करत असाल तर सरकारी यादीत नाव लिहा, ती यादी कोणीही पाहू शकतो. 1 जानेवारी 2019 पासून राजकीय पक्षांना परदेशी देणग्याही बंद झाल्या.

आपल्याकडे परदेशी पैशाचा कायदा 1976 चा, आणीबाणीतला. 2010 मध्ये नवा आला. 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी लंडनमध्ये मूळ कंपनी असलेल्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून पैसे घेऊन हा कायदा मोडला. मग काय झालं? 2016 च्या वित्त कायद्यात परदेशी कंपनीची व्याख्याच बदलली, मागच्या तारखेपासून. 2018 मध्ये ती तारीख आणखी मागं नेली, थेट 5 ऑगस्ट 1976 पर्यंत. आणि 2020 च्या दुरुस्तीनं एखाद्या आडगावातल्या संस्थेलाही परदेशी देणगी हवी असेल तर स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच खातं उघडणं सक्तीचं झालं. संस्थेला दिल्लीचं खातं, पक्षाला मागच्या तारखेची माफी. मोठेबाबा, तुमच्या बाहेरच्या हाताला टाळी द्यायला आतून कोण कोण बसलं आहे ते बघा, आणि त्यात तुमचा पक्ष कोणता हेही एकदा मोजा.

हे सगळं लिहायचं सुचलं ते वर्गामुळे. कॅनबेराच्या संसदेत शाळकरी पोरांसाठी एक कार्यक्रम असतो. पोरांना सभापती, मंत्री, विरोधी पक्ष अशी सोंगं देतात आणि खोटं विधेयक मांडून खरा वाद घालायला लावतात. सहावीच्या पोरांना तिथं नेऊन आणलं, आणि परत आल्यावर मी वर्गात तसाच एक खेळ मांडला. एक लहान बेट. दोन मोठे देश. एक देश म्हणतो, आम्ही तुम्हाला स्टेडियम बांधून देतो. दुसरा म्हणतो, त्यांचं घेऊ नका, आम्ही तुमच्या पोलिसांना गाड्या देतो. हे काही हवेतून काढलेलं नव्हतं. सॉलोमन बेटांनी एप्रिल 2022 मध्ये चीनशी सुरक्षा करार केला तेव्हा इथं हाहाकार उडाला होता. तिथल्या होनियारा शहरात चीनच्या पैशानं स्टेडियम झालं, 2023 च्या नोव्हेंबरात त्यात पॅसिफिक बेटांचे खेळ भरले, आणि त्याच खेळांना ऑस्ट्रेलियानंही पैसे दिले. चीननं दिलं तर तो डाव आणि ऑस्ट्रेलियानं दिलं तर ती मदत, असं इथली बरीच मोठी माणसं अगदी मनापासून मानतात.

खेळाची अट एकच होती: अर्ध्यात घंटा वाजली की खुर्च्या बदलायच्या. घंटेआधी एक पोरगा मोठ्या देशाचा मंत्री होता. फार जोरात बोलत होता. बापाची तीन ट्रॅक्टरांची शेती, आवाजही तसाच. “आम्ही तर नुसती मदत करतोय” हे वाक्य त्यानं कितीदा म्हटलं देव जाणे. घंटा झाली आणि तो बेटाचा मंत्री झाला. थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, “स्टेडियमचं लाइटबिल पुढची वीस वर्षं कोण भरणार?” तेच पोर, तीच अक्कल. आधी हा प्रश्न त्याला सुचतच नव्हता, कारण बिल त्याच्या दारात येणार नव्हतं. मासेमारांच्या गटातली एक पोरगी शेवटपर्यंत बोलली नाही. तिनं चिठ्ठी दिली: आम्हाला दवाखाना हवा होता, कोणी विचारलंच नाही. मागच्या बाकावरचा एक जण पूर्ण वेळ शार्क काढत बसला होता. तोही असतोच प्रत्येक वर्गात.

मोठेबाबा म्हणतील, “हे गोऱ्या लोकायचे चोचले, आपल्या पोट्ट्यायले पाढे येऊ दे आधी.” पाढे यायलाच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण 2022 साली पिसा नावाच्या जागतिक परीक्षेत पंधरा वर्षांच्या पोरांची पहिल्यांदाच कल्पक विचाराची परीक्षा घेतली, तिचा निकाल 2024 मध्ये लागला. पहिलं आलं सिंगापूर. त्यांची पोरं गणितातही जगात पहिली. म्हणजे पाढे आणि कल्पना एकाच डोक्यात मावतात. आपला देश त्या परीक्षेला बसलाच नव्हता.

आता सोनूबद्दल. त्याच्या निबंधाचा फोटो त्यानं मला गुपचूप पाठवला होता (सोनू, हे वाचताना अडखळू नको, बाबा रागावणार नाहीत). “मी पंतप्रधान झालो तर” हा विषय. बाकीच्यांनी गाइडातले मुद्दे उतरवले: भ्रष्टाचार संपवीन, झाडे लावीन. यानं लिहिलं, की मला दिवसभरात कोण कोण भेटायला आलं आणि काय घेऊन आलं याची यादी मी रोज संध्याकाळी दारावर चिकटवीन. मार्क कापले. शेरा होता, “मुद्दे सुटले.” कोणते मुद्दे सुटले? इथल्या संसदेला जे कळायला 2018 उजाडलं, ते या पोरानं चुलीशेजारी बसून लिहिलं! त्या गुरुजींशी भांडायला जाऊ नका, बाबा. त्यांनाही तपासायला साठ-सत्तर वह्या आणि हातात उत्तराचा एकच साचा. पण घरी तरी त्याला कोणी म्हणू नका, की गाइडात आहे तसं लिही.

आणि त्याच्यासाठी मी एक धडा पाठवते आहे. गाइडात सापडणार नाही, पण आपल्याच मातीतला आहे. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. पगार थकला, ईस्ट इंडिया कंपनीचं कर्ज चढलं, आणि ते फेडायला 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीच्या हवाली झालं. लढाई नाही, गोळी नाही, तह झाला. रायचूर आणि धाराशिवकडचा मुलूख 1860 मध्ये परत गेला, पण कापसाचं वऱ्हाड नाही. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन जलंब-खामगाव रेल्वे फाट्याचं उद्घाटन करून गेले, म्हणजे आपला कापूस गाडीत बसून बंदराकडे निघाला. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमचं पट्ट्यावर घेतलं. कागदावर मालक मात्र निजामच. बाहेरचा हात कसा असतो ते मोठेबाबांना अमेरिकेकडे बघून शिकायची गरज नाही. पण तोही हात आत आला तो कर्जाच्या वहीतून, आणि निजामाच्या दरबारातही त्या वहीवर सह्या करणारे होतेच.

तर असं करा. सोनू निजामाचा दिवाण. मोठेबाबा कर्नल लो, म्हणजे तेव्हाचे हैदराबादचे रेसिडेंट, निजामाच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी. बाबा, तुम्ही खामगावच्या बाजारात गाडी घेऊन आलेले कास्तकार. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, पण तुम्ही बोलायचं. आई कंपनीला कर्जाचा हिशोब मागणार, कारण हिशोबात तिला आजवर कोणी फसवलेलं नाही. घंटा मोठ्या आईच्या हातात, मोठेबाबांना मधातच थांबवू शकणारं घरात तेवढं एकच माणूस आहे. घंटा झाली की मोठेबाबा दिवाण आणि सोनू साहेब. मोठेबाबांनी “मी दिवाण होणार नाही” म्हटलं तर खेळ बाद, आणि पुढच्या रविवारी फोनवर मी बोलणार, ते ऐकणार.

तुरीचा काय भाव लागला ते कळवा. मोठ्या आईच्या गुडघ्याचं औषध पोस्टानं पाठवलं आहे. खेळाचं रेकॉर्डिंग फोनवर करा. फार मोठं झालं तर दोन तुकड्यांत पाठवा, पण खुर्च्या बदलल्यानंतरचा भाग गाळू नका.

तुमची,
थोरली